तुम्ही विचारा, मी सांगते : माल्टाची दोन घड्याळं आणि तुमची सतरा पत्रं

मागच्या अंकात या पानावर मी सहज चार ओळी टाकल्या होत्या. माल्टा देशात काही चर्चवर दोन घड्याळं असतात, एक बरोबर चालतं आणि दुसरं मुद्दाम चुकीची वेळ दाखवतं, कधी तर ते नुसतं भिंतीवर रंगवलेलंच असतं, कारण काय तर सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये. एवढंच. त्यावर सतरा पत्रं-मेल आले, त्यातली तीन फक्त "आमच्या सोसायटीच्या घड्याळाचंही असंच आहे" अशी होती, ती बाजूला ठेवली. माझी भाची तिथे नर्स आहे म्हणून मला या देशाचं वेड लागलं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी मला तज्ज्ञ समजायला नको.

प्रश्न : माल्टाचे लोक नक्की कोण? अरब म्हणायचे की इटालियन? नकाशात तर ठिपकासुद्धा दिसत नाही. (एक वाचक, कोथरूड)

ठिपका दिसत नाही ते खरंय. सिसिलीच्या खाली भूमध्य समुद्रात माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटं आहेत, सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे महापालिकेची आत्ताची हद्दसुद्धा त्याहून मोठी आहे. आणि तेवढ्यात एक अख्खा देश, त्याची संसद, युरोपियन युनियनमधली जागा, सगळं.

लोक कोण हे विचारायचं तर त्यांना बोलायला लावा. भाची पहिल्या महिन्यात मला फोनवर म्हणाली, मावशी इथले लोक चर्चमध्ये गुडघे टेकतात आणि देवाला 'आल्ला' म्हणतात. मला वाटलं हिची काहीतरी ऐकण्यात गडबड झाली. पण नाही, माल्टी भाषेत ख्रिश्चनांच्या देवाला हाच शब्द आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांना ते 'रान्दान' म्हणतात, तो रमजानचाच भाऊ, आणि ईस्टरला जो शब्द आहे तो ईदचा. इ.स. ८७० मध्ये अरबांनी बेटं घेतली, १०९१ मध्ये सिसिली जिंकलेले ख्रिश्चन नॉर्मन आले, पुढे तेराव्या शतकात बेटावरून इस्लाम गेला पण बोली गेली नाही. सिसिलीतल्या अरबीतून आलेली ही भाषा, वर इटालियन-सिसिलियन शब्दांचा एवढा थर की निम्मा शब्दकोश तिकडचा, आणि त्यावर इंग्रजीची फोडणी. लिपी रोमन. सकाळी भेटलात तर 'बोंजू', आभार मानायचे तर 'ग्रात्सी', आणि निरोप घेताना 'सह्हा', म्हणजे तब्येत बरी राहो. एका दिवसात तीन संस्कृती तोंडातून जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता गंमत बघा. पुस्तकाला ते म्हणतात 'क्तीब' (आपली किताब), जगाला 'दिन्या' (दुनिया), सैतानाला 'शितान', गरिबाला जो शब्द आहे तो आपला फकीर. वर्षाला 'सेना', जे आपल्याकडे 'सन १८१८' मधलं सन. आणि नावाला 'इसेम'. पोलिसांच्या मराठीत "एक अनोळखी इसम" असतो ना, तोच, आपल्याकडे येता येता नावाचा माणूस झाला. आपल्याकडे हे शब्द फारसीमार्फत आले, त्यांच्याकडे समुद्रावरून थेट, पण आले एकाच घरातून.

या भाषेला फार दिवस कुणी मान दिला नाही. वकील, पाद्री, श्रीमंत मंडळी इटालियनमध्ये बोलायची, आणि माल्टी म्हणजे स्वयंपाकघरातली आणि बंदरावरची बोली. तिला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा करायला १९३४ उजाडलं. आज ती युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे, तिथली एकमेव सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या घराण्यातली. मला या देशाच्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा ही गोष्ट जास्त भारी वाटते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी माल्टाचा इतिहास थोडक्यात द्यावा. (विद्यार्थी, सदाशिव पेठ)

थोडक्यात देते पण परीक्षेत विचारतील त्या क्रमाने नाही हं.

सगळ्यात आधी दगड. गोझोवरचं जगंतिया हे मंदिर इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडच्या जवळजवळ हजार वर्षं आधीचं. माल्टाला १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याचं टाकं खणताना कामगारांना खाली अख्खं भूमिगत दफनस्थान सापडलं, हाल साफ्लिएनी. हे कुणी बांधलं, तर गोझोच्या लोकांचं उत्तर तयार आहे, सान्सुना नावाच्या राक्षसिणीने. घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे खात, कडेवर पोर घेऊन, डोक्यावर शिळा वाहत. आपल्याकडे कुठलंही जुनं लेणं पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं, तिकडे एका लेकुरवाळीने केलंय. मला सान्सुना जास्त पटते, कारण पोर कडेवर घेऊन कामं करणं हे कुणालातरी नीट माहीत होतं.

मग फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश सत्ता. इ.स. ६० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट पॉलचं जहाज इथे फुटलं, त्याला साप चावला आणि काही झालं नाही, हे बायबलमध्येच आहे. लोक पुढे सांगतात की तेव्हापासून माल्टाच्या सापांचं विष गेलं, आणि चावट लोक म्हणतात की ते बायकांच्या जिभेत गेलं. हा विनोद करणारा पुरुषच असणार, त्यासाठी कुठलं उत्खनन करायला नको.

१५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटं सेंट जॉनच्या नाइट लोकांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाला दिली, कारण त्यांना तुर्कांनी ऱ्होड्समधून हाकललं होतं. भाडं किती, वर्षाला एक ससाणा. पेठेतल्या वाड्यांची जुनी भाडी आठवली ना? १५६५ मध्ये त्याच तुर्कांचं, म्हणजे ऑटोमन, आरमार आलं, मे ते सप्टेंबर वेढा, नाइटांचा प्रमुख ग्रँड मास्टर ला व्हॅलेट, आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाने व्हॅलेटा शहराची पायाभरणी. पुस्तकांत हे नाइट लोकांचं शौर्य म्हणून येतं. पण नाइट होते काही शेकडा, तटावर लढणाऱ्यांत हजारो जण साधे माल्टी होते, त्यांची नावं कुणी कोरली नाहीत. आणि या शूर नाइटांनी समुद्रावर लूटमार आणि गुलामांचा धंदा मनसोक्त केला, तेही लक्षात ठेव.

१७९८ मध्ये नेपोलियन. फ्रेंचांनी चर्चमधली चांदी उचलली तोवर लोक धुसफुसत राहिले, पण इम्दिना या जुन्या राजधानीत चर्चचे पडदे लिलावाला काढले त्या दिवशी बंड झालं, तारीख २ सप्टेंबर. मग मदतीला बोलावलेले ब्रिटिश आले आणि राहिलेच (ही गोष्ट आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको). ७ जून १९१९ ला ब्रेडच्या महागाईवरून दंगल, ब्रिटिश सैन्याच्या गोळीबारात माणसं गेली, तो दिवस आज राष्ट्रीय दिन आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बचा नुसता पाऊस. ९ एप्रिल १९४२ ला मोस्टाच्या चर्चचा घुमट फोडून एक बॉम्ब आत पडला, आत प्रार्थनेला अडीचशेच्या वर माणसं, आणि तो फुटलाच नाही. त्याच वर्षी बेटाला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, ते आजही झेंड्यावर आहे. अन्न आणि इंधन संपत आलेलं असताना 'ओहायो' हा तेलाचा टँकर अर्धा बुडालेल्या अवस्थेत बंदरात ओढून आणला, तो दिवस १५ ऑगस्ट, सांता मारियाचा सण. तो ज्या जहाजांच्या काफिल्यातून आला त्या काफिल्याला लोक अजून सांता मारियाचा काफिला म्हणतात. स्वातंत्र्य २१ सप्टेंबर १९६४, प्रजासत्ताक १३ डिसेंबर १९७४, युरोपियन युनियन २००४. तारखा झाल्या, आता अभ्यासाला बस.

प्रश्न : आपल्या गणपतीसारखं काही तिकडे असतं का गं? (एक आजी, नारायण पेठ)

आजी, तुम्ही तिकडे गेलात तर तुम्हाला दोन दिवसांत कळेल की आपण बेलबाग चौकातच उभ्या आहोत.

त्याला 'फेस्ता' म्हणतात. प्रत्येक गावाचा एक संत, त्याचा उत्सव, बहुतेक सगळे उन्हाळ्यात, त्यामुळे मे ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चालूच. आठवडाभर आधीपासून रस्त्यावर खांब, कमानी, पताका, पुतळे, दिव्यांच्या माळा, चर्चच्या आत लाल मखमली-रेशमी पडदे. संताची मूर्ती चर्चमधून बाहेर काढतात आणि माणसं खांद्यावर घेऊन फिरवतात, खांदा देण्याचा मान घराण्यात चालत आलेला असतो. पुढे ब्रासबँड. सकाळपासून आकाशात आवाजाचे फटाके, रात्री दारूकाम, आणि ते गावातलीच हौशी मंडळी वर्षभर राबून स्वतः बनवतात, त्यात अपघात होऊन जीवही जातात तरी पुढच्या वर्षी तयारी असतेच. दुकानांतून 'उब्बायत' विकतात, बदाम-तिळाची चिक्कीच समजा, आणि खजूर भरून तळलेले 'इमआरेत'.

आता खरी गोष्ट. बऱ्याच गावांत एक नाही, दोन बँड क्लब असतात. दोघांचे रंग वेगळे, इमारती वेगळ्या, कधी संतही वेगळा, आणि दोघांच्यात जी चुरस असते तिला त्यांच्याकडे खास शब्द आहे, 'पीका'. कुणाचा झुंबर मोठा, कुणाचे फटाके जास्त वेळ चालले, कुणाचा बँड आधी निघाला. एकाच घरात नवरा एका क्लबचा आणि बायको दुसऱ्याची असली की फेस्ताच्या आठवड्यात बोलणं बंद. आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की त्यांच्या बँडमधली पोरं नोटेशन वाचून क्लॅरिनेट वाजवायला शिकतात, क्लब फुकट शिकवतो. आपले ढोल-ताशा पथकवाले तरी सराव करतात, पण स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहून मी दरवर्षी हा विचार करते. २०२३ मध्ये युनेस्कोने या गावच्या फेस्ताला वारशाच्या यादीत घेतलं.

प्रश्न : त्यांचं लोकसंगीत कसं असतं? मी शाहिरीवर काम करतो. (एक वाचक, हडपसर)

मग तुम्हाला तर 'आना' ऐकायलाच हवं. लिहिताना सुरुवातीला दोन अक्षरं जास्त असतात पण बोलताना ती गिळतात, नुसतं आना. त्याचा एक प्रकार आहे 'स्पिर्तु प्रोन्त', हजरजबाबी गाणं म्हणा. गिटारवाले सुरुवात करतात, मग गवई समोरासमोर, बहुतेक वेळा चौघं, आणि जोड्या अशा की पहिला तिसऱ्याला उत्तर देणार आणि दुसरा चौथ्याला, म्हणजे एकाच वेळी दोन भांडणं आलटून पालटून चालू. चार ओळींचं कडवं जागच्या जागी रचायचं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलंच पाहिजे, आणि समोरच्याला टोमणा असा मारायचा की ऐकणाऱ्यांना कळेल पण त्याला चिडता येणार नाही. तासभर चालतं. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला शब्द कळला नाही तरी डाव कळतो.

दुसरा प्रकार 'ताल-फात', म्हणजे घडलेल्या घटनेवरचा लांबलचक पोवाडाच, पण वीरापेक्षा खून, अपघात, जहाज बुडणं यावर जास्त. तिसरा अगदी उंच पट्टीतला, 'ला बोर्मलीझा', बोर्मला गावावरून नाव. जुन्या काळी बायका सार्वजनिक धुण्याच्या जागी कपडे आपटता आपटता एकमेकींशी गाण्यातून बोलायच्या, गाऱ्हाणी, चहाड्या, प्रेमप्रकरणं सगळं. जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पुढे हे गाणं दारूच्या गुत्त्यांमध्ये गेलं, पुरुषांचं झालं, आणि गाणाऱ्या बाईकडे लोक नाक मुरडून बघायला लागले. म्हणजे रचायचं बायकांनी आणि नाव व्हायचं... असो. २०२१ मध्ये आना पण युनेस्कोच्या यादीत गेलं.

गवयांना टोपणनावानेच ओळखतात. कारण देश लहान, आडनावं थोडी, बोर्ग, कामिलेरी, वेल्ला, झामित, फारुजा, तीच तीच, त्यामुळे प्रत्येक घराण्याला एक 'ला-अम' म्हणजे टोपणनाव, कधी धंद्यावरून, कधी व्यंगावरून. आमच्या गावाकडे एकाच आडनावाची चाळीस घरं होती तेव्हा पोस्टमनला हेच लागायचं.

प्रश्न : जनावरांच्या डॉक्टरांच्या तोंडून 'माल्टा ताप' ऐकला. त्याचा या देशाशी संबंध आहे का? (दूधव्यावसायिक, मांजरी)

आहे, आणि चांगला सणसणीत आहे. ब्रुसेलोसिस म्हणजेच माल्टा ताप. तिथले ब्रिटिश सैनिक आणि खलाशी महिनोन्महिने तापाने झुरायचे, ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना, हवेला दोष दे, गटाराला दोष दे असं चाललं होतं. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टी डॉक्टरने शेळ्यांच्या रक्तात त्याचा पुरावा पकडला. शेळ्या दिसायला धडधाकट. आणि त्या काळी गवळी शेळ्यांचा कळप घेऊन व्हॅलेटाच्या गल्लीत दारोदार फिरायचा, तुमच्या भांड्यात तुमच्यासमोर धार काढून द्यायचा, वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक असेल तर शेळी जिना चढायची! ताजं, निर्भेळ, डोळ्यांसमोरचं दूध, आणि ताप त्यातूनच. सैन्याने शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप धाडकन उतरला. लोकांनी मात्र लवकर ऐकलं नाही, व्हॅलेटात पाश्चराइज्ड दूध यायला १९३८ उजाडलं. कच्च्या दुधात ताकद असते म्हणणारे आपल्याकडेही आहेतच, त्यांना ही गोष्ट सांगा. दूध उकळूनच प्या आणि जनावरं तपासून घ्या.

हेच झामित पुढे पुराणवस्तूंच्या मागे लागले आणि तार्शिएनची मंदिरं त्यांनीच खणून काढली. एका माणसाने देशाची शेळी पण पकडली आणि मंदिर पण.

प्रश्न : आमच्या सिंधी लोकांची माल्टात जुनी दुकानं आहेत असं वडील सांगायचे. खरं का? (पिंपरी कॅम्प)

खरं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी रेशीम आणि शोभेच्या वस्तू घेऊन तिथे पोचले, कारण सुएझवरून जाणारी बरीच जहाजं माल्टाला थांबायची. त्यांच्या काही पिढ्या तिथेच वाढल्या, घरात सिंधी आणि बाहेर फाडफाड माल्टी. त्याच्या थोडं आधी, १८७८ मध्ये, रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला नेले होते, लढाई काही झाली नाही, ते थोडे दिवस राहिले आणि हलले. आणि आता नर्सिंग, हॉटेलं, डिलिव्हरी यात आपली पोरं खूप.

प्रश्न : मार्केट यार्डात मिळणारा माल्टा आणि केसाळ पांढरा माल्टीज कुत्रा, दोन्ही तिथलेच का? (एक वाचक, बिबवेवाडी)

आपले फळवाले कुठल्याही परदेशी संत्र्याला माल्टा म्हणतात, त्यामुळे तुमच्या पिशवीतलं संत्रं कुठून आलं ते पेटीवर बघा. पण नाव फुकट पडलेलं नाही, माल्टाच्या संत्र्यांची युरोपात एकेकाळी चैन होती, नाइट लोक राजेरजवाड्यांना भेट पाठवायचे, आणि फ्रेंच स्वयंपाकात लाल संत्र्याचा रस घातलेल्या एका सॉसला अजून माल्टाचंच नाव आहे. कुत्र्याचं म्हणाल तर माल्टी माणूस अभिमानाने जो दाखवेल तो तुमचा केसाळ नाही, तो उंच कानांचा, तांबूस, सडपातळ 'केल्ब ताल-फेनेक', म्हणजे सशाचा कुत्रा. ससा हे त्यांचं आवडतं जेवण, नाइटांनी शिकारीवर बंदी घातली होती म्हणून तर जास्तच.

प्रश्न : तिथल्या बायकांचं जुनं आयुष्य कसं होतं? (वाचक मैत्रिणी, सहकारनगर भिशी ग्रुप)

बाहेर पडताना 'ओन्नेल्ला', काळं कापड, डोक्यावर बोटीच्या शिडासारखं फुगलेलं, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बायका वापरायच्या. गोझोत दाराशी बसून लेस विणायची, त्यावर घर चालायचं. बाळ वर्षाचं झालं की 'उच्चीया', ताटात पेन, जपमाळ, पुस्तक असं मांडायचं आणि रांगतं पोर काय उचलतं त्यावरून पुढे काय होणार ते ठरवायचं. आपल्याकडे काही घरांत उष्टावणाला करतात तसंच. दृष्ट लागली तर मीठ-मोहरी नाही, आशीर्वादित ऑलिव्हच्या पानांचा धूर. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट, २९ जूनला 'इमनारिया' नावाची जत्रा असते, आदल्या रात्रभर झाडीत सशाचा रस्सा, वाइन, आना, आणि सणाच्या दिवशी घोड्या-गाढवांच्या शर्यती. लोक सांगतात की लग्न ठरवताना मुलीकडचे करारातच घालायचे, नवऱ्याने तिला दरवर्षी इमनारियाला नेलंच पाहिजे. भिशीत ठराव मांडा.

प्रश्न : माल्टामध्ये भुतं असतात का? मी ८ वर्षांचा आहे. (सिंहगड रोड)

असतात रे राजा. विहिरीत 'बेल्लिया' असते, ती वाकून बघणाऱ्या मुलांना आत ओढते (तिथे घरोघर पाण्याची टाकी असायची, मुलं पडू नयेत म्हणून आयांनी ही बाई ठेवली असणार). नाताळच्या रात्री जन्मलेला माणूस दरवर्षी त्या रात्री 'गावगाव' नावाचं भूत होऊन फिरतो आणि सकाळी दमून घरी येतो, त्याला स्वतःला काही आठवत नाही. आणि ऊन-पाऊस एकदम आला की आपण कोल्ह्याचं लग्न म्हणतो ना, ते म्हणतात, कुठेतरी तुर्क जन्मला.

पण तुला भुतापेक्षा 'जाहान' आवडेल. तो त्यांचा वेडा-शहाणा मुलगा, आपल्या मुल्ला नसरुद्दीनचा लांबचा नातेवाईक. एकदा त्याची आई चर्चला निघाली आणि जाता जाता म्हणाली, जाहान, तूपण ये मागून, आणि येताना दार ओढून घे. आई जाऊन बसली, प्रार्थना सुरू झाली, सगळीकडे शांतता, आणि बाहेरून खडखड-धडधड असा आवाज जवळ जवळ यायला लागला. सगळे मागे वळून बघतात तर जाहान, घामाघूम, बिजागऱ्यांसकट उखडलेलं घराचं दार दोरीने ओढत आत येतोय.